‘नुसत्या गावगप्पा’ म्हणणाऱ्यांना

मार्च उजाडला की महिला दिनाच्या शुभेच्छांबरोबर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा आशय असा: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला वर्तमानपत्रांत फक्त गॉसिपची सदरं आली. कोण कोणाकडे पाहुणी आली, कोणाच्या लग्नात कोणी काय घातलं होतं, एवढंच. तीही गोऱ्या बायकांच्या पानांची नक्कल, आणि पुरुष संपादकांनी टाकलेला तुकडा. या बायका लाजेपोटी टोपणनावानं लिहीत. मग आयडा बी. वेल्स आली, तिनं हे सगळं लाथाडलं आणि खरी पत्रकारिता सुरू केली. बाकीच्यांचं लिखाण रद्दीत गेलं, गेलं ते बरंच झालं.

वेल्सबाईंचं कौतुक करायचा हेतू दिसतो, आणि कौतुक करावं अशाच त्या होत्या. पण एकीला उंच दाखवण्यासाठी बाकी साऱ्याजणींना खाली बसवलंय, आणि तसं करताना जवळपास प्रत्येक वाक्यात घोळ घातलाय. क्रमानं बघू.

‘फक्त गॉसिपच लिहिलं’

हे तर साध्या सनावळीतही टिकत नाही. कृष्णवर्णीयांच्या मालकीचं अमेरिकेतलं पहिलं वर्तमानपत्र, न्यूयॉर्कचं ‘फ्रीडम्स जर्नल’, १८२७ साली निघालं. त्याच वर्षी ‘मटिल्डा’ अशी सही केलेलं एक पत्र त्यात छापून आलं, ते मुलींच्या शिक्षणाबद्दल होतं. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या मरायाह स्ट्युअर्टची भाषणं आणि लेख ‘लिबरेटर’ या गुलामगिरीविरोधी पत्रात येत होते. मेरी ॲन शॅडनं १८५३ मध्ये कॅनडात ‘प्रोव्हिन्शियल फ्रीमन’ काढलं. गुलामगिरीतून पळून आलेल्यांनी कॅनडात जमीन कशी घ्यावी, कोणाच्या दानधर्मावर विसंबू नये, असले विषय. तिथं पाहुण्यारावळ्यांच्या बातम्यांना जागाच कुठे होती?

आता ज्या ‘बायकांच्या सदरां’वर हा सगळा रोख आहे, त्यातलं सगळ्यात गाजलेलं घ्या. फिलाडेल्फियाच्या गर्ट्रूड बस्टिल मॉसेल यांनी डिसेंबर १८८५ मध्ये टी. थॉमस फॉर्च्युन यांच्या ‘न्यूयॉर्क फ्रीमन’मध्ये ‘अवर विमन्स डिपार्टमेंट’ सुरू केलं. नाव ऐकून लोणची-मुरंबे डोळ्यांसमोर येतात. घर कसं चालवावं, मुलांना कसं वाढवावं हे त्यात होतंही. पण पहिल्याच लेखाचा विषय होता स्त्रियांचा मताधिकार. (जाता जाता: हे सदर सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच, ११ मार्च १८८६ला, त्याच फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. आनंदीबाईंच्या कॉलेजातून रेबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री १८६७ मध्येच डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. आपल्याकडच्या आनंदीबाईंच्या गोष्टीत या बायका क्वचितच दिसतात.)

जोसेफिन टर्पिन सोळा वर्षांची होती तेव्हा, १८७७ मध्ये, ‘व्हर्जिनिया स्टार’मध्ये तिचा पहिला लेख आला. विषय चर्चच्या जत्रा. चर्चसाठी पैसे जमवायचे म्हणून तिथं वाइन विकतात, याला तिचा आक्षेप होता. हा लेख तुम्ही कुठल्या खणात टाकणार? गावातल्या जत्रेची खबर आहे म्हणून गॉसिप, की संस्थेच्या पैशाचा हिशेब विचारलाय म्हणून पत्रकारिता? त्या काळच्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांत असे दोन खण नव्हतेच. चार पानांचं साप्ताहिक, त्यात चर्च, शाळा, लग्न, लिंचिंग, राजकारण सगळं शेजारीशेजारी. आणि पुष्कळदा लिहिणारा हातही एकच.

‘गोऱ्या बायकांच्या पानांची नक्कल’

हा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं. साचा सारखाच होता यात शंका नाही. अमुक बाई पंधरवडा बहिणीकडे राहून परतल्या, तमुक यांच्या घरी चहापान झालं, लग्नात वधूचा पोशाख अमुक कापडाचा, आणि खाली आहेरांची यादी, देणाऱ्याच्या नावासकट. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांतही हेच छापून येई.

फरक छापणाऱ्याच्या हातात नव्हता, वाचणाऱ्याच्या परिस्थितीत होता. गोऱ्या घरातल्या बाईचं नाव त्या पानावर आलं नाही तरी तिला कोणी ‘मिसेस’ म्हणायचं थांबत नव्हतं. दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या वर्तमानपत्रांत कृष्णवर्णीय माणूस आला तर तो आरोपी म्हणून किंवा विनोदाचा विषय म्हणून. बाई असेल तर नुसतं पाळण्यातलं नाव, मागेपुढे काही नाही. ‘मिस’, ‘मिसेस’ ही बिरुदं गोऱ्या बायकांसाठी राखलेली. अशा गावात एखाद्या शिक्षिकेनं आपल्या साप्ताहिकात ‘मिसेस अमुक सुट्टीत लेकीकडे जाऊन आल्या’ असं छापलं, तर त्या एका ओळीत किती गोष्टी बसल्या बघा. ती बाई लग्नाची आहे, लेकीचा पत्ता तिला ठाऊक आहे, प्रवासाला पैसे आहेत, सुट्टी आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच बायकांची लग्नं कायद्यानं लग्नं नव्हती आणि लेकी बाजारात विकल्या जात होत्या. गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धानंतर कितीतरी वर्षं ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’सारख्या पत्रांत हरवलेल्या आई-मुलांच्या शोधाच्या जाहिराती येत होत्या. ज्या पानावर ‘माझी आई कुठे आहे कोणी सांगेल का’ असं छापून येतं, त्याच पानावर कोणीतरी आईला भेटून आल्याची खबर येते, तेव्हा तिला रिकामटेकड्यांची करमणूक म्हणणं मला तरी जमत नाही.

ही सदरं भरायची कशी, तेही सांगतो. मोठ्या पत्रांचे गावोगाव बातमीदार असत. पुष्कळदा ती गावातली मास्तरीण, नाहीतर धर्मोपदेशकाची बायको. त्या आठवड्याचं कळवत, वर्गणीदारही गोळा करत. ज्याचं नाव छापलं तो अंक विकत घेणार, चार नातेवाइकांना पाठवणार, हे संपादकाला पक्कं ठाऊक. म्हणजे अग्रलेखाचा कागद आणि शाई काही अंशी या ‘गावगप्पां’तून निघत होती. १८९०च्या जनगणनेत अमेरिकेतले सुमारे ५७ टक्के कृष्णवर्णीय निरक्षर होते. अंक एकानं वाचायचा आणि दहांनी ऐकायचा, हीच रीत. ऐकणाऱ्या दहांत ज्यांचं नाव त्यात असेल ते पुढच्या आठवड्यालाही येणारच.

डिलायला बीझली यांची सगळी कारकीर्द याच साच्यातली. १८८३ मध्ये मुलगी असतानाच ‘क्लीव्हलँड गॅझेट’ला त्या चर्चच्या आणि सभा-समारंभांच्या बारीक खबरा पाठवू लागल्या. चाळीस वर्षांनी, १९२३ पासून, ‘ओकलंड ट्रिब्युन’ या गोऱ्यांच्या मोठ्या दैनिकात त्यांचं ‘ॲक्टिव्हिटीज अमंग निग्रोज’ हे सदर होतं आणि त्या मरेपर्यंत, १९३४ पर्यंत, चाललं. दिसायला तेच: कोणाचा सत्कार, कोणाचं व्याख्यान. याच बाईंनी वर्तमानपत्रांनी ‘निग्रो’ शब्द मोठ्या आद्याक्षरानं लिहावा आणि शिवीवजा शब्द वापरू नयेत म्हणून संपादकांचा पिच्छा पुरवला. इंडियानापोलिसच्या लिलियन थॉमस फॉक्स यांनाही १९०० मध्ये गोऱ्यांच्या ‘इंडियानापोलिस न्यूज’मध्ये प्रवेश मिळाला तो ‘न्यूज ऑफ कलर्ड फोक’ या सदरातून. दार छोटं होतं, पण बाकीची दारं बंदच होती.

आता दुसऱ्या बाजूनंही कान धरायला हवा. अलीकडे याच्या उलट टोकाचं ऐकू येतं, की ही सगळी सदरं म्हणजे छुपं बंडच होतं. तसंही नाही. या पानांवर झळकायचे ते शिक्षक, डॉक्टर, धर्मोपदेशक, सरकारी कारकून आणि त्यांच्या घरच्या बायका. शेतावर राबणाऱ्या आणि दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या, म्हणजे खरं तर बहुसंख्य बायकांची नावं चर्चच्या यादीपलीकडे सहसा येत नसत. कोण ‘आपल्यातलं’ आणि कोण नाही, याची उठाठेव भरपूर. मुलींनी रस्त्यानं कसं चालावं, कोणाबरोबर बोलावं यावरचे टोमणे तर आपल्याकडच्या वाड्यातल्या काकूंनाही मागे टाकतील असे. ज्या लेखणीनं बायकांना ‘मिसेस’ म्हणून मान दिला, तिनंच बायकांवर पहाराही ठेवला. दोन्ही खरं आहे.

‘पुरुषांनी टाकलेला तुकडा’

चुगलखोरी ही बायकांची मक्तेदारी होती हे गृहीत धरलं की असं वाटतं. वॉशिंग्टनच्या ‘बी’ (म्हणजे मधमाशी) या पत्राचे संपादक विल्यम कॅल्व्हिन चेस हे पुरुष होते, आणि शहरातल्या प्रतिष्ठितांच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मित्रांना मध आणि शत्रूंना नांगी, हे त्यांच्या पत्राचं ब्रीद. त्यात ‘दे से’, म्हणजे ‘लोक म्हणतात’, असं सदर होतं. शिवाय क्लारा आणि लुईझ नावाच्या दोन मैत्रिणींच्या पत्रांतून समाजातल्या भानगडी सांगितल्या जात. बाईच्या नावानं चाललेलं प्रत्येक सदर बाईनंच लिहिलं असं धरून चालू नये, ते यामुळेच.

आणि तुकडा टाकला म्हणावं तर मेरी ॲन शॅड आणि जोसेफिन सेंट पियर रफिन यांनी स्वतःची पत्रं काढली त्याचं काय करायचं? रफिनबाईंचं ‘विमन्स इरा’ बॉस्टनहून १८९४ ते १८९७ चाललं. कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्त्रियांसाठी देशभर चालवलेलं ते पहिलं पत्र. न्यूयॉर्कहून व्हिक्टोरिया अर्ल मॅथ्यूज, शिकागोहून फॅनी बॅरिअर विल्यम्स, वॉशिंग्टनहून मेरी चर्च टेरेल लिहीत. त्यात सामाजिक खबरांचं सदर होतं, आणि लिंचिंगबद्दल गुळमुळीत बोलणाऱ्या इंग्लंडच्या एका सुधारक बाईंना उद्देशून रफिन यांची मुलगी फ्लोरिडा रिडली हिचं खरमरीत खुलं पत्रही होतं. कोणी पुरुष त्यांना हे लिहा आणि ते लिहू नका असं सांगायला बसलेला नव्हता.

‘लाजेपोटी टोपणनावं’

यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. त्या काळी टोपणनाव ही फॅशन होती. गोरी नेली ब्लायही जन्मानं एलिझाबेथ कॉक्रनच. वेल्सबाई ‘आयोला’ म्हणून लिहीत, आणि आयोला कोण हे वाचणाऱ्या साऱ्यांना माहीत होतं. केंटकीच्या मेरी ब्रिटन ‘मेब’ नावानं लिहीत आणि स्वतःच्या नावानं सभांतही बोलत. १८९२ मध्ये कृष्णवर्णीयांना रेल्वेच्या वेगळ्या डब्यांत बसवणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या, पुढे डॉक्टर झाल्या. मॉसेलबाईंनी १८९४ मध्ये पुस्तक काढलं ते ‘मिसेस एन. एफ. मॉसेल’ अशा नवऱ्याच्या आद्याक्षरांनी. त्याला लपणं म्हणायचं तर आपल्याकडच्या ‘सौ.’ लावणाऱ्या साऱ्या लेखिका लपलेल्या ठरतील. एकीनं नाव झाकलं खरं. मेरी ॲन शॅड सुरुवातीला ‘एम. ए. शॅड’ एवढंच लिहायची, आणि लोक ‘मिस्टर शॅड’ म्हणून पत्रं धाडायचे. तिनं शेवटी आपलं पूर्ण नाव ‘प्रोव्हिन्शियल फ्रीमन’मध्येच छापून टाकलं.

‘वेल्सनं गॉसिप लाथाडलं’

इथं तर उलटंच आहे. वेल्सबाई पत्रकारितेत आल्या त्या याच दारानं. मेम्फिसमध्ये त्या शाळेत शिकवत होत्या तेव्हा तिथल्या शिक्षकांचं एक मंडळ होतं. शुक्रवारी संध्याकाळी जमायचं, वाचन, गाणी, वादविवाद व्हायचे, आणि शेवटी ‘ईव्हनिंग स्टार’ नावाचा हस्तलिखित अंक मोठ्यानं वाचून दाखवला जाई. आधीचे संपादक गाव सोडून गेले आणि ते काम वेल्सबाईंकडे आलं. अंकात काय असायचं ते त्यांनीच आत्मचरित्रात सांगून ठेवलंय: बातम्या, साहित्यविषयक टिपणं, मागच्या कार्यक्रमावरची टीका, थोडी निवडक कविता, आणि ‘दे से’ हे मंडळींबद्दलच्या गमतीजमतींचं सदर. लोक ते ऐकायला गर्दी करू लागले. ऐकणाऱ्यांतल्या एका धर्मोपदेशकानं आपल्या ‘लिव्हिंग वे’ या साप्ताहिकासाठी लिहा म्हटलं, आणि आयोला जन्माला आली. लेखनाचा पहिला मोबदला मिळाला तो पुढे ‘अमेरिकन बॅप्टिस्ट’कडून, आठवड्याला एक डॉलर.

गावगप्पांची धार त्यांना त्याच्याही आधी लागली होती. १८७८च्या पिवळ्या तापाच्या साथीत मिसिसिपीतल्या हॉली स्प्रिंग्जमध्ये त्यांचे आई-वडील गेले. सोळा वर्षांची मुलगी, पाठची पाच भावंडं. वडिलांनी मरण्यापूर्वी ३०० डॉलर एका गोऱ्या डॉक्टरकडे ठेवायला दिले होते. डॉक्टर पैसे आणून देतो असं म्हणाले, ते कोणाच्या तरी कानावर पडलं. झालं. ही पोर गोऱ्या पुरुषांकडे पैसे मागते, म्हणूनच तिला भावंडांसह वेगळं राहायचंय, अशी कुजबुज गावभर. शेवटी आजीला घरात आणून ठेवावं लागलं. पुढे मेम्फिसमधल्या ‘फ्री स्पीच’ या आपल्या पत्राच्या वर्गणीसाठी फिरताना एका धर्मोपदेशकानं त्यांच्या शीलाबद्दल वाकडं बोलल्याचं कानावर आलं, तेव्हा त्यांनी साक्षीदार बसवून त्याला जाब विचारला, माफीचं पत्र लिहून घेतलं आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचायला लावलं. अफवेला उत्तर द्यायचं ते जिथं ती पसरली तिथंच, भर सभेत, ही सवय त्यांना इथं लागली असावी.

मेम्फिसमधलं प्रकरण त्याच सवयीचं मोठं रूप आहे. मार्च १८९२ मध्ये थॉमस मॉस, कॅल्विन मॅक्डॉवेल आणि विल स्ट्युअर्ट या तिघांना जमावानं मारलं. मॉस वेल्सबाईंचा मित्र. गुन्हा एवढाच की त्यांचं किराणा दुकान गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत खुपत होतं. २१ मेच्या ‘फ्री स्पीच’मध्ये वेल्सबाईंनी लिहिलं, की कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या बायकांवर अत्याचार करतात या जुन्या, झिजलेल्या खोट्यावर या भागात कोणी विश्वास ठेवत नाही. आणि पुढे सूचना, की हे असंच ताणलं तर गोऱ्या स्त्रियांच्या नीतीबद्दलच लोक भलता निष्कर्ष काढतील. गावात सगळे जे हळू आवाजात बोलत होते तेच छापलं होतं. गोऱ्यांची वर्तमानपत्रं इतकी वर्षं अफवाच ‘बातमी’ म्हणून छापत होती, आणि त्यावर माणसं मारली जात होती. इकडून खरी कुजबुज छापून आली तेव्हा २७ मेला छापखाना फोडला गेला. वेल्सबाई तेव्हा गावाबाहेर होत्या, म्हणून वाचल्या. एका गोऱ्या दैनिकानं तर लेखक पुरुषच असणार असं धरून शिंप्याच्या कात्रीनं शस्त्रक्रिया करण्याची धमकी छापली. बाई असं लिहील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तीनच वर्षांनी हाच खेळ उलट्या बाजूनं झाला. वेल्सबाईंची इंग्लंडमधली व्याख्यानं झोंबली म्हणून मिसूरीच्या पत्रकार संघटनेचा अध्यक्ष जॅक्स यानं तिथल्या लिंचिंगविरोधी समितीच्या चिटणीसबाईंना पत्र लिहिलं, की इथल्या कृष्णवर्णीय बायका म्हणजे झाडून साऱ्या वेश्या, चोर आणि खोटारड्या. पत्रकारांच्या संघटनेचा अध्यक्ष, बरं का. ते पत्र रफिनबाईंच्या हाती आलं. सनसनाटी बातमी आयतीच होती. पण त्यांनी ते ‘विमन्स इरा’त छापून गावभर केलं नाही. देशभरच्या स्त्री मंडळांना प्रती धाडल्या, कोणाला दाखवता ते जपून दाखवा असं बजावलं, आणि २९ ते ३१ जुलै १८९५ला बॉस्टनमध्ये परिषद भरवली. पुढच्या वर्षी निघालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेची पायाभरणी तिथं झाली. कोणती चुगली छापायची आणि कोणती गिळायची, याची जाण या बायकांना वर्षानुवर्षं सामाजिक खबरा लिहून आली होती असं माझं मत आहे.

‘ते लिखाण रद्दीत गेलं’

१८८९ मध्ये लूसी विल्मॉट स्मिथ यांनी ‘द जर्नलिस्ट’ या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक साप्ताहिकात कृष्णवर्णीय लेखिकांची ओळख करून देणारा लेख लिहिला. १८९१ मध्ये गार्लंड पेन यांनी कृष्णवर्णीय पत्रकारितेवरच्या ग्रंथात त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण दिलं. म्हणजे त्यांच्या हयातीतच कोणी त्यांना रद्दी समजत नव्हतं. आज ‘वॉशिंग्टन बी’चे अंक अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात, ‘लोक म्हणतात’सकट. वंशावळी शोधणारे कृष्णवर्णीय वाचक आपल्या पणजीच्या लग्नाची तारीख, तिच्या बहिणीचं गाव या बारीक ओळींतूनच काढतात, कारण सरकारी दप्तरात ते पुष्कळदा नसतंच.

आणि ज्या ‘खऱ्या पत्रकारिते’च्या तुलनेत हे सगळं कमी ठरवलं जातं, त्या वेल्सबाईंच्या ‘फ्री स्पीच’चा एकही अंक आज उपलब्ध नाही. वाचता न येणाऱ्यालाही ओळखू यावा म्हणून गुलाबी कागदावर छापलेलं ते पत्र. त्यातलं जे काही आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्या वर्तमानपत्रांनी उतरवून घेतलं म्हणून, आणि वेल्सबाईंनी स्वतः पुस्तिकांत पुन्हा छापलं म्हणून. मेम्फिसमधल्या आयोलाचे सुरुवातीचे लेखही तसेच मिळाले: इतर गावांच्या साप्ताहिकांत, चर्चच्या खबरा आणि पाहुण्यांच्या याद्यांच्या शेजारच्या स्तंभात.